विश्लेषण : संकेतस्थळ कोसळले की पहिला संशय हल्ल्याचा, दोष मात्र सेटिंगमधील एका ओळीचा… ‘४०४’, ‘५०२’, ‘५०४’ हे आकडे नेमके काय सांगतात?

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय वेळेनुसार दुपारी ४.५० च्या सुमारास जगभरातील असंख्य संकेतस्थळांवर एकाच वेळी ‘५००’च्या मालिकेतील त्रुटी झळकू लागल्या. ‘एक्स’ उघडेना, ‘चॅटजीपीटी’ उत्तर देईना. या सगळ्यांमधला समान दुवा होता ‘क्लाउडफ्लेअर’. संकेतस्थळ आणि वापरकर्ता यांच्या मध्ये उभे राहून रहदारी सांभाळणारी ही कंपनी. तिच्या अभियंत्यांचा पहिला संशय महाकाय सायबर हल्ल्यावर गेला. त्यात भर म्हणजे सेवांची स्थिती दाखवणारे कंपनीचे पान वेगळ्या यंत्रणेवर असूनही नेमके तेव्हाच बंद पडले. तो निव्वळ योगायोग होता. खरे कारण निघाले एक फाइल. डेटाबेसमधील परवानग्यांच्या एका बदलामुळे त्या फाइलमध्ये नोंदी दोनदा येऊ लागल्या आणि तिचा आकार दुप्पट झाला. ती वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अशा २०० नोंदींची कमाल मर्यादा ठरलेली होती. मर्यादा ओलांडली गेली आणि सॉफ्टवेअर कोसळले. बहुतांश सेवा रात्री ८ पर्यंत सुरळीत झाल्या, सर्व काही पूर्ववत व्हायला १०.३६ वाजले.

संकेतस्थळ बंद पडले की ‘हॅक झाले’ हा शब्द सर्वांत आधी ऐकू येतो. कधी तो खरा असतोही. पण दुकानाचे, शाळेचे, पतसंस्थेचे किंवा सरकारी खात्याचे संकेतस्थळ बंद पडते तेव्हा बहुधा सर्व्हरच्या मांडणीतच काहीतरी चुकलेले असते. आणि ते काय चुकले, हे सर्व्हरने स्वतःच कुठेतरी लिहून ठेवलेले असते.

पडद्यावरचे तीन आकडे काय सांगतात?

मोबाइलवर एखादा पत्ता उघडला की ब्राउजर सर्व्हरकडे मागणी पाठवतो आणि सर्व्हर प्रत्येक मागणीला तीन आकड्यांचे उत्तर देतो. सगळे ठीक असेल तर २००. हा आकडा कधी दिसत नाही, कारण त्याच्याबरोबर पानच येते. ३ ने सुरू होणारा आकडा म्हणजे ‘हवे ते दुसरीकडे आहे, तिकडे जा’. ४ ने सुरू होणारा आकडा मागणीत खोट असल्याचे सांगतो आणि ५ ने सुरू होणारा म्हणजे ‘मागणी बरोबर होती, आमच्याकडून जमले नाही’ अशी कबुली.

सर्वांत प्रसिद्ध आकडा ४०४. म्हणजे सर्व्हर चालू आहे, बोलतोही आहे, पण मागितलेले पान त्याच्याकडे नाही. युरोपातील ‘सर्न’ या संशोधन संस्थेत, जिथे वेबचा जन्म झाला, तिथल्या ४०४ क्रमांकाच्या खोलीवरून हा आकडा आला अशी एक कथा समाजमाध्यमांवर फिरत असते. ती निव्वळ दंतकथा आहे. ४ ही मालिका आणि ०४ हा तिच्यातला क्रम, एवढाच त्याचा अर्थ.

पण कधीकधी आकडाच दिसत नाही. ‘हे संकेतस्थळ सापडत नाही’ किंवा ‘जोडणी नाकारली’ असा संदेश येतो. हा फरक महत्त्वाचा आहे. आकडा दिसला म्हणजे कोणीतरी सर्व्हर उत्तर देतो आहे. आकडा नसेल तर मागणी दारापर्यंत पोहोचलीच नाही किंवा दार उघडायला कोणी नाही. नाव आणि पत्ता यांची सांगड घालणारी ‘डीएनएस’ नोंद चुकली, डोमेनचे वार्षिक शुल्क भरायचे राहिले किंवा सर्व्हर प्रोग्रॅमच थांबला, अशी कारणे मग तपासावी लागतात. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास गायब झाले ते असेच. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने कंपनीच्या अंतर्गत जाळ्याचा कणाच तुटला आणि पाठोपाठ कंपनीच्या डीएनएस सर्व्हरपर्यंत जाणारे रस्ते इंटरनेटच्या नकाशावरून नाहीसे झाले. दुरुस्तीची साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून होती. त्यामुळे अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटर गाठावे लागले.

‘५०२’, ‘५०३’ आणि ‘५०४’ यांत फरक काय?

बाहेरून हे तिन्ही सारखेच वाटतात, म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला फोनवर ‘साइट बंद आहे’ एवढेच सांगितले जाते. प्रत्यक्षात तिघांचे रोग वेगळे आहेत.

आजचे संकेतस्थळ क्वचितच एका प्रोग्रॅमवर चालते. पुढे असतो वेब सर्व्हर, बहुधा १९९५ मध्ये आलेला ‘अपाचे’ किंवा रशियन अभियंता इगोर सिसोएव्ह यांनी २००४ मध्ये खुला केलेला ‘एनजिनएक्स’. त्याच्या मागे पान तयार करणारा प्रोग्रॅम असतो, उदाहरणार्थ पीएचपी. त्याच्याही मागे डेटाबेस. हॉटेलात जसा वेटर, आचारी आणि कोठी, तशी ही उतरंड.

५०२ म्हणजे वेटर ऑर्डर घेऊन आत गेला, पण आचारी जागेवर नाही किंवा त्याने दिलेले उत्तर समजण्यापलीकडचे. पीएचपीची सेवा बंद पडली आहे किंवा पुढचा सर्व्हर तिला चुकीच्या पत्त्यावर शोधतो आहे. पीएचपीची आवृत्ती वाढवल्यानंतर हे हमखास घडते. नव्या आवृत्तीबरोबर आतल्या दाराचे नाव बदलते, मात्र एनजिनएक्सच्या फाइलमध्ये जुनेच नाव राहते. दुरुस्ती एका आकड्याची, शोधायला मात्र अर्धा दिवस जातो.

५०४ म्हणजे आचारी आहे, काम करतो आहे, पण वेटर वाट पाहून कंटाळला. एनजिनएक्स साधारणपणे ६० सेकंद थांबतो आणि मग हात वर करतो. ही मर्यादा ३०० सेकंद करून ठेवणे हा लोकप्रिय उपाय आहे आणि बहुतेक वेळा तो चुकीचा. पान तयार व्हायला मिनिट लागते याचा अर्थ डेटाबेसमधील एखादा शोध संथ आहे. मुदत वाढवली की त्रुटी दिसेनाशी होते, तुंबलेल्या मागण्या मात्र वाढत जातात.

५०३ त्यातल्या त्यात प्रामाणिक. ‘सध्या जमणार नाही, थोड्या वेळाने या.’ देखभालीसाठी मुद्दाम साइट बंद ठेवताना हाच आकडा द्यायचा असतो, कारण त्यातून शोधयंत्रांनाही कळते की पान कायमचे गेलेले नाही. अनेक ठिकाणी देखभालीचे पान २०० आकड्यासह दाखवले जाते. मग गुगल ‘देखभाल सुरू आहे’ हाच संकेतस्थळाचा मजकूर समजून बसते.

उरला ५००. हा सर्वांत मोघम. अपाचेवर त्याचे नेहमीचे कारण ‘एचटीअ‍ॅक्सेस’ ही छोटी फाइल. कुठून तरी उतरवून घेतलेली एखादी ओळ तिच्यात चिकटवली, त्या ओळीला लागणारा अपाचेचा भाग चालू नसला, की पूर्ण फोल्डरसाठी ५०० सुरू. फाइलचे नाव तात्पुरते बदलून पाहणे ही त्यावरची सर्वांत जलद परीक्षा.

निकालाच्या दिवशीच सर्व्हर का झोपतो?

१६ जुलै २०२१ रोजी दुपारी १ वाजता राज्य मंडळाचा दहावीचा निकाल जाहीर झाला आणि सुमारे १६ लाख विद्यार्थी व त्यांचे पालक एकाच वेळी संकेतस्थळाकडे वळले. निकालाची संकेतस्थळे कित्येक तास उघडत नव्हती. करोनामुळे त्या वर्षी परीक्षाच झाली नव्हती. अंतर्गत मूल्यमापनावर आधारलेले गुण काय आले असतील याची धाकधूक आधीच होती, त्यात हा मनस्ताप.

अशा वेळी ‘सर्व्हरची क्षमता कमी पडली’ असे म्हटले जाते. पण क्षमता म्हणजे नुसते यंत्र नव्हे, मांडणीत लिहिलेले आकडेही. उबुंटूसारख्या प्रचलित लिनक्सवर पीएचपीची सेवा बसवली, तर ती एका वेळी कमाल ५ मागण्या हाताळेल अशी मूळ सेटिंग असते. पाच! यंत्र कितीही दांडगे असले तरी आचारी पाचच. एका पानाला अर्धा सेकंद लागतो असे धरले, तर सेकंदाला १० पाने झाली. या वेगाने १६ लाख जणांना एकेक पान द्यायचे तर ४४ तासांहून अधिक वेळ लागेल. कोणतेही मोठे संकेतस्थळ इतक्या तुटपुंज्या मांडणीवर चालत नाही. पण तालुक्याच्या महाविद्यालयाचे प्रवेश अर्जाचे पान किंवा एखाद्या नाट्यगृहाचे तिकीट-नोंदणीचे पान अगदी असेच चालत असू शकते. वर्षभर पाच आचारी पुरतात, त्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही.

मग हा आकडा थेट ५०० करावा का? इथे दुसरा सापळा आहे. पीएचपीची एक प्रक्रिया ५० एमबी मेमरी खाते असे मानू. ८ जीबी मेमरीच्या यंत्रावर डेटाबेस आणि इतर कामांसाठी २ जीबी बाजूला ठेवले, तर उरलेल्या ६ जीबीमध्ये सुमारे १२० प्रक्रिया मावतात. ५०० लिहिले आणि खरोखरच ५०० मागण्या आल्या, तर २५ जीबी लागतील. यंत्र मग मेमरीऐवजी डिस्क वापरू लागते, सगळेच गोगलगायीच्या गतीने चालते आणि अखेर लिनक्स स्वतःच एखादी मोठी प्रक्रिया ठार करते. बळी जातो तो बहुधा डेटाबेसचा, कारण सर्वाधिक मेमरी त्याच्याकडे असते.

मेमरीचा हिशेब जमला तरी कोठीचे दार राहतेच. ‘मायएसक्यूएल’ या डेटाबेसमध्ये एका वेळी १५१ जोडण्यांची मूळ मर्यादा आहे. आचारी २०० झाले आणि कोठीचे दार १५१ जणांपुरतेच, तर उरलेले ४९ रिकाम्या हाताने परततील. एक आकडा वाढवला की त्याच्या मागचा आकडा तपासावाच लागतो. घाईत केलेली दुरुस्ती इथेच फसते.

निकालासारख्या गोष्टीवर खरे औषध वेगळेच आहे. जाहीर झालेला निकाल मिनिटामिनिटाला बदलत नाही. मग प्रत्येक मागणीला डेटाबेस उघडून पान नव्याने तयार कशाला करायचे? पाने आधीच तयार करून साध्या फाइलच्या रूपात ठेवली, तर साधारण यंत्रावरचा एनजिनएक्ससुद्धा सेकंदाला अशा हजारो फाइल वाटू शकतो. आचाऱ्याची गरजच उरत नाही. निकाल एकाहून अधिक संकेतस्थळांवर आणि ‘डिजिलॉकर’वर देण्याची पद्धत रूढ झाली, तिच्यामागेही हेच भार वाटून घेण्याचे तत्त्व आहे.

वापरकर्त्यांच्या एका सवयीने मात्र आगीत तेल पडते. पान उघडले नाही की पुन्हापुन्हा ‘रिफ्रेश’ करणे. आधीची मागणी रद्द झाली असे आपल्याला वाटते. पण आतला आचारी अनेकदा तीच ऑर्डर शिजवत असतो आणि आता त्याच्यासमोर दुसरीही येऊन पडते.

एका अर्धविरामाने संकेतस्थळ बंद पडू शकते का?

हो. एनजिनएक्सच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये प्रत्येक सूचनेच्या शेवटी अर्धविराम लागतो. तो राहिला, किंवा महिरपी कंस बंद करायचा राहिला, तर सर्व्हर सुरूच होत नाही. म्हणून दोन्ही प्रमुख सर्व्हरमध्ये फाइल आधी तपासून देणारी आज्ञा आहे. अपाचेमध्ये ‘कॉन्फिगटेस्ट’, एनजिनएक्समध्ये ‘टी’ हा पर्याय. चूक कोणत्या फाइलमधील कितव्या ओळीत आहे, हे ती नेमके सांगते. दोन सेकंदांचे हे काम टाळल्यामुळे झालेल्या रात्रीच्या जागरणांची गणती नसेल.

यात एक बारकावा आहे. बदल लागू करण्याचे दोन मार्ग असतात, ‘रीलोड’ आणि ‘रीस्टार्ट’. रीलोडच्या वेळी फाइल चुकीची निघाली तर एनजिनएक्स जुन्या मांडणीवर काम चालू ठेवतो. रीस्टार्टमध्ये आधी सर्व्हर थांबतो, मग चुकीची फाइल पाहून उठतच नाही. त्यामुळे रीलोड सुरक्षित. पण चुकीची फाइल तशीच पडून राहिली, तर तीन महिन्यांनी वीज जाऊन यंत्र पुन्हा सुरू होईल तेव्हा संकेतस्थळ उठणार नाही आणि ‘आम्ही तर काहीच बदलले नव्हते’ असे सगळे शपथेवर सांगतील.

शिवाय तपासणीची आज्ञा फक्त व्याकरण पाहते, शहाणपणा नव्हे. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअरनेच सुरक्षा-भिंतीसाठी एक नवा नियम जगभरातील सर्व यंत्रांवर एकदम लागू केला. व्याकरणदृष्ट्या तो शुद्ध होता. मात्र मजकूर जुळवण्याची त्यातील पद्धत अशी होती, की प्रोसेसर शंभर टक्के त्यातच गुंतून पडले. २७ मिनिटे जगभर ५०२ दिसत राहिला. थोड्या यंत्रांवर आधी लावून पाहण्याची पायरी त्या नियमासाठी वगळली गेली होती.

‘४०३’वर सात-सात-सातचा उतारा का धोकादायक?

४०३ म्हणजे पान आहे, पण दाखवण्याची परवानगी नाही. लिनक्सवर प्रत्येक फाइलला मालक असतो आणि कोणी वाचायचे, कोणी लिहायचे हे तीन आकड्यांत ठरते. फोल्डरला ७५५ आणि फाइलला ६४४ हा सर्वसाधारण रिवाज. वेब सर्व्हर स्वतःच्या वेगळ्या नावाने वावरतो, त्यामुळे फाइल त्याला वाचता येत नसेल तर ४०३ येतो. फाइलची परवानगी बरोबर असूनही वरचा एखादा फोल्डर बंद असेल तरी तेच. इमारतीच्या फाटकालाच कुलूप असेल तर घराचे दार उघडे असून काय उपयोग!

यावर व्हिडीओंतून आणि मित्रांकडून मिळणारा सल्ला म्हणजे सगळ्याला ७७७ देऊन टाका. त्रुटी तत्काळ जाते हे खरे. पण त्याचा अर्थ यंत्रावरील कोणालाही ती फाइल वाचता, बदलता आणि चालवता येते. त्याच यंत्रावरील दुसऱ्या एखाद्या साइटमध्ये घुसलेल्या चोराला मग इथे कुलूप तोडावेच लागत नाही.

संकेतस्थळ बंद पाडणारी चूक निदान लगेच दिसते. उघडे टाकणारी चूक दिसत नाही, म्हणून ती जास्त घातक. अपाचेवरून एनजिनएक्सवर स्थलांतर करताना एक गोष्ट सर्रास विसरली जाते. अपाचेची ‘एचटीअ‍ॅक्सेस’ फाइल एनजिनएक्स वाचतच नाही. तिच्यात ‘हा फोल्डर कोणालाही दाखवू नये’ असे लिहिलेले असेल, तर स्थलांतराच्या दिवसापासून तो सर्वांना खुला होतो. साइट मात्र झकास चालते. त्या फोल्डरमध्ये अर्जदारांनी जोडलेल्या आधार आणि पॅन कार्डांच्या प्रती असतील तर काय होईल, ते वेगळे सांगायला नको. डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल किंवा ‘बॅकअप’ नावाचा फोल्डर थेट पत्त्यावरून उघडतो का, हे ब्राउजरमध्ये टाकून पाहायला एक मिनिट पुरते.

चुकीच्या मांडणीची किंमत किती मोठी असू शकते, हे अमेरिकेतील ‘कॅपिटल वन’ बँकेने अनुभवले. २०१९ मध्ये तिच्या वेब-सुरक्षा भिंतीच्या चुकीच्या मांडणीचा फायदा घेऊन अमेरिकेतील सुमारे १० कोटी आणि कॅनडातील सुमारे ६० लाख लोकांची माहिती पळवण्यात आली. बँकेला पुढे नियामकाने ८ कोटी डॉलरचा दंड केला. ज्या यंत्रणेतून चोर आत आला ती सुरक्षेसाठीच बसवलेली होती.

प्रमाणपत्राची तारीख कोण लक्षात ठेवणार?

ब्राउजरच्या पट्टीवर ‘सुरक्षित जोडणी’ असे जे दाखवले जाते, त्यामागे एक डिजिटल प्रमाणपत्र असते आणि त्याला मुदत असते. मुदत संपली की ब्राउजर लाल इशारा देतो आणि ग्राहक पळतो. हे लहान दुकानदारांनाच होते असे नाही. ३ फेब्रुवारी २०२० रोजी मायक्रोसॉफ्टची ‘टीम्स’ ही सेवा काही तास बंद पडली ती प्रमाणपत्राचे नूतनीकरण राहून गेल्यानेच. अमेरिकेतील ‘इक्विफॅक्स’ या पतमाहिती कंपनीत तर रहदारीवर नजर ठेवणाऱ्या उपकरणाचे प्रमाणपत्र कित्येक महिने संपलेले होते. त्यामुळे २०१७ मध्ये सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती बाहेर जात असताना ते उपकरण आंधळे होते. जुलैअखेरीस प्रमाणपत्र बदलले आणि संशयास्पद रहदारी लगोलग दिसू लागली.

‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था मोफत प्रमाणपत्रे देऊ लागल्यापासून नूतनीकरण बरेचसे आपोआप होते. ही प्रमाणपत्रे ९० दिवसांची असतात. तरीही तक्रार येतेच की प्रमाणपत्र नवे आले, ब्राउजर मात्र जुनेच दाखवतो. कारण साधे आहे. नवी फाइल डिस्कवर आली, पण सर्व्हरने सुरू होताना वाचलेली जुनी प्रत मेमरीत तशीच आहे. नूतनीकरणानंतर रीलोड करण्याची सूचना जोडलेली नसली की हे होते. यापुढे अशी ढिलाई परवडणार नाही. ब्राउजर कंपन्या आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था यांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार प्रमाणपत्राची कमाल मुदत ३९८ दिवसांवरून १५ मार्च २०२६ पासून २००, त्यानंतर वर्षभराने १०० आणि १५ मार्च २०२९ पासून अवघे ४७ दिवस होणार आहे. कॅलेंडरवर खूण करून हाताने नूतनीकरण करणाऱ्यांचे दिवस भरले.

सुरक्षित जोडणीशी निगडित आणखी एक विकार म्हणजे ‘खूप वेळा पुनर्निर्देशन’ झाल्याचा संदेश. पुढची मध्यस्थ सेवा सर्व्हरशी साध्या मार्गाने बोलते, सर्व्हर म्हणतो ‘सुरक्षित मार्गाने या’, मध्यस्थ पुन्हा साध्या मार्गानेच येतो. या दोघांच्या ‘पहले आप’मध्ये ब्राउजर कंटाळतो. मध्यस्थ ते सर्व्हर हा टप्पाही सुरक्षित केला की फेरा सुटतो.

अर्ज भरताना फोटोच का अडकतो?

मजकूर जातो, फोटो जोडला की ४१३ येतो. एनजिनएक्समध्ये एका मागणीबरोबर येणाऱ्या मजकुराची मूळ मर्यादा केवळ १ एमबी आहे. आजच्या साध्या मोबाइलचा फोटोही त्याहून मोठा असतो. ही मर्यादा वाढवली तरी पीएचपीची स्वतःची, एका फाइलला २ एमबीची, मर्यादा मागे उभीच असते आणि ती बदलली नाही तर अर्ज स्वीकारल्यासारखा दिसतो, फोटो मात्र गायब. शेवटच्या तारखेला सायबर कॅफेत रांगा लावणाऱ्या उमेदवारांपैकी कित्येकांची अडचण फाइलमधल्या या दोन आकड्यांची असते.

दुरुस्ती करणाऱ्याने सुरुवात कुठून करावी?

अंदाजापासून नव्हे, लॉगपासून. प्रत्येक सर्व्हर दोन वह्या ठेवतो. एकीत कोण आले, काय मागितले, कोणता आकडा मिळाला. दुसरीत काय बिघडले. त्रुटीच्या वहीतील शेवटच्या २० ओळी वाचल्या की बहुतेक वेळा संशयितांची यादी एकावर येते. ‘परवानगी नाकारली’, ‘जोडणी नाकारली’, ‘फाइल सापडली नाही’ अशी तिची भाषा सरळ असते. पाच आचारी अपुरे पडले तर पीएचपीची वही तेही लिहिते, कोणती सेटिंग वाढवावी याच्या सल्ल्यासकट.

लॉगमध्ये काहीच नवे उमटत नसेल तर तोही पुरावाच. एक तर मागणी या यंत्रापर्यंत येतच नाही, किंवा डिस्क भरली आहे. दुसरी शक्यता ऐकायला क्षुल्लक वाटते, पण वर्षानुवर्षे न छाटलेले लॉगच डिस्क भरून टाकतात आणि मग डेटाबेसला नवी नोंद करायला जागा उरत नाही. ‘काल काय बदलले?’ हा प्रश्न त्यानंतरचा. अद्ययावतीकरण, नवे प्लगइन, बदललेला पासवर्ड. आणि बदल एका वेळी एकच करावा. चार सेटिंग एकदम फिरवून साइट सुरू झाली, तर कशाने झाली ते कळत नाही आणि उरलेले तीन बदल पुढच्या बिघाडाची पेरणी करतात.

सामान्य वापरकर्त्याने काय करावे?

४०४ असेल तर पत्ता तपासावा किंवा मुखपृष्ठावरून पान शोधावे. प्रमाणपत्राचा इशारा आला तर आधी फोनची तारीख पाहावी. ती चुकलेली असेल तर सगळीच संकेतस्थळे असुरक्षित दिसतात. तारीख बरोबर असूनही इशारा कायम असेल, तर त्या पानावर पासवर्ड किंवा कार्डाचा क्रमांक देऊ नये. ५०२ आणि ५०३ मध्ये वापरकर्त्याच्या हाती थांबण्याखेरीज फारसे काही नसते. तक्रार करताना ‘साइट चालत नाही’ असे लिहिण्यापेक्षा आकडा, पानाचा पत्ता आणि अचूक वेळ कळवावी. सर्व्हरच्या वहीत त्याच वेळेची ओळ शोधता येते.

सर्वाधिक सावध राहायचे ते पैसे भरताना येणाऱ्या ५०४ पासून. या आकड्याचा अर्थ ‘काम झाले नाही’ असा नसतो. उत्तर वेळेत आले नाही, एवढाच असतो. परीक्षा शुल्काची किंवा वीजबिलाची रक्कम आत जमा झालेली असू शकते. त्यामुळे लगेच दुसऱ्यांदा पैसे भरण्याआधी बँकेचा संदेश आणि खात्यातील नोंद पाहावी, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक टिपून ठेवावा आणि काही वेळाने त्याच संकेतस्थळावर व्यवहाराची स्थिती तपासावी.